गाईनं खाल्लेलं बॅबिलोन

बॅबिलोन जगाच्या नकाशावर नेमकं कुठे येतं, हे मला आजही बोट ठेवून दाखवता येणार नाही. पण ते उभं करायला बांबू कसले लागतात, गोणपाटाला खळ केव्हा मारायची आणि पाणी घातल्यावर ते कोणत्या बाजूला खचतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. इजिप्तचा पिरॅमिड मी उभा केला आहे. बंदरावर पाय फाकवून उभा असलेला ऱ्होड्सचा तो प्रचंड पुतळा केला आहे. अलेक्झांड्रियाच्या दीपस्तंभात साठचा बल्ब लावला आहे. ही सगळी आश्चर्यं नगरच्या पेठांमध्ये, पिठाची गिरणी आणि सायकलचं दुकान यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी राहिली आणि अनंत चतुर्दशीनंतर मोडून सरपणाला गेली. ती मूळ बांधणाऱ्यांची नावं निदान पुस्तकात तरी आली असतील. माझं सगळ्यात जास्त टिकलेलं काम म्हणजे एका किराणा दुकानाची पाटी, आणि तिच्यावरही पुढे कोणीतरी दुसरा रंग मारला.

मी धंद्यानं पेंटर. लोक मला पेंटरच म्हणत, नाव सहसा कोणी घेत नसे. वर्षभर दुकानांच्या पाट्या, टांग्यांच्या फळ्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार. आणि आखाड लागला की आराशीची कामं. गणपतीपुढे जो देखावा उभा करतात ती आरास. सत्तरच्या आसपास आमच्याकडे मंडळांना पौराणिक देखाव्यांचा कंटाळा आला होता. त्यातच ‘जगातील सात आश्चर्ये’ नावाचा एक रंगीत तक्ता पुस्तकांच्या दुकानात विकायला आला. तो ज्यानं छापला त्याला माझा नमस्कार. त्या एका तक्त्यावर माझी पुढची कितीतरी वर्षं निघाली.

हे काम मला रहीमचाचांनी शिकवलं. चाचा मोहरमचे ताबूत बांधायचे. नगरचा मोहरम ज्यांनी पाहिला आहे त्यांना ताबुताचं काम म्हणजे काय ते सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद, त्यावर कागदाचीच जाळी, घुमट, मिनार. माणसांच्या खांद्यावरून निघतं, म्हणून हलकं हवं. आणि शेवटी पाण्यात थंडं, म्हणजे विसर्जित, करायचं असतं, तरी बांधताना कुठे कसर ठेवायची नाही. मोहरम झाला की हेच हात गणपतीच्या आराशीला लागायचे. त्याचं तेव्हा कोणाला नवल वाटत नसे.

आराशीला पाठ नसते, हे या धंद्यातलं पहिलं गुपित. समोरून किल्ला, मागे गेलात तर गोणपाट, सुतळ्या आणि कोणीतरी वाळत घातलेला टॉवेल. दगड करायचा तर गोणपाटावर चिंचोक्याची खळ आणि पिवळी माती थापायची, वाळली की आपोआप भेगा पडतात. मग काव, काजळी आणि चुना असे तीन रंग केरसुणीनं शिंपडायचे. ब्रशनं रंगवलेला दगड रंगवलेला दिसतो, केरसुणीनं शिंपडलेला दगड दगड दिसतो. मी शिडीवर चढून बारीक काम करत बसलो की चाचा खालून ओरडायचे, “क्या रे, देखनेवाला रस्त्यावर हाय, तू शिडीवर हाय. नीचे आ और उसकी आँख से देख.” मी उतरायचो, रस्त्यावर जाऊन बघायचो आणि बहुतेक वेळा गुपचूप परत चढायचो.

पिरॅमिड आम्ही केला तेव्हा पेठेतले एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत आले. सांगाडा चढला होता, गोणपाट लागलं होतं. त्यांनी सगळं नीट पाहून घेतलं आणि विचारलं, “हे थडगं आहे ना?”

मी म्हटलं, “हो, राजाचं.”

“राजाचं असो नाहीतर भिकाऱ्याचं. थडग्यात बाप्पाला बसवणार? सुतकात?”

मंडळाचे कार्यकर्ते एकमेकांकडे बघायला लागले. तक्त्यावर हे कोणीच वाचलं नव्हतं. गणपती चार दिवसांवर आलेला, आता पिरॅमिड मोडून काय करणार? चाचांनी विडी विझवली आणि म्हणाले, “बाबूजी, थडगं मागं राहू द्या. त्याच्या पुढून नदी वाहते. बाप्पा होडीत बसतील.” गृहस्थांनी थोडा विचार केला आणि नदीला परवानगी दिली. नाईल नदी आम्ही निळ्या रंगाच्या धोतरजोडीची केली. त्या वर्षी लोकांनी पिरॅमिडपेक्षा होडीचंच जास्त कौतुक केलं.

ऱ्होड्सच्या पुतळ्याची तऱ्हा निराळी. तक्त्यावरच्या चित्रात तो गडी जवळजवळ उघडाच होता. मंडळातल्या बायकांनी निरोप पाठवला की असला पुरुष आरतीच्या वेळी समोर नको. म्हणून त्याला पिवळं पितांबर नेसवलं. पितांबर नेसल्याबरोबर तो ग्रीक राहिलाच नाही. खेड्यांवरून आरास बघायला येणारी माणसं त्याला भीम समजून हात जोडू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पायाशी हळद-कुंकू आणि नारळ. वारा सुटला की भीम गिरणीच्या बाजूला कलायचा, तेव्हा चाचांनी त्याचा दंड तारेनं गिरणीच्या खिडकीला बांधून टाकला. गिरणीवाला दहाही दिवस बायकोला सांगत होता की भीमाला मीच धरलंय.

या दोन्ही कामांत मी चाचांच्या हाताखाली होतो. बॅबिलोन मात्र माझं.

बहात्तर साली चाचांना दिसायला कमी झालं होतं. त्यांनी ज्येष्ठातच सांगून टाकलं, “इस साल तू कर. मी खुर्ची टाकून बसतो.” माझ्या नावावर मिळालेलं ते पहिलं मोठं काम. ते साधलं तर पेठापेठांतून मला बोलावणं येणार होतं; फसलं तर पुन्हा पाट्या आणि टांग्याच्या फळ्या. हे मला कळत होतं, बायकोला कळत होतं आणि मंडळाचे अध्यक्ष आप्पा यांना तर फारच कळत होतं. आप्पांचं सायकलचं दुकान होतं. बोलताना समोरच्या माणसातली हवा तपासतोय असं वाटायचं. “पेंटर,” ते म्हणाले, “आराशीच्या स्पर्धेत पहिला नंबर आणायचा म्हणजे आणायचा. बॅबिलोनच्या झुलत्या बागा. पायऱ्यापायऱ्यांची हिरवीगार बाग आणि वरून धबधबा.”

ज्येष्ठात हे ठरवायला काय जातं? पाऊस येणारच होता. आषाढ कोरडा गेला. श्रावण कोरडा गेला. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. आरास उभी राहायची जागा नेमकी सार्वजनिक नळासमोर, आणि नळापुढे सकाळपासून घागरी, कळश्या, डालड्याचे डबे. त्या रांगेसमोर मी धबधबा उभारणार होतो.

धबधब्याचं मला कोडं पडलं नाही. आप्पांच्या दुकानातलं सायकलचं चाक, त्याला चंदेरी कागदाच्या पट्ट्या, मागे दिवा आणि चाकाला छोटी मोटर. लांबून पाहिलं तर पाणी खळखळतंय असं वाटायचं, आवाज तेवढा मनानं घालायचा. प्रश्न बागेचा होता. रीतीप्रमाणे पानं कागदाची करायची आणि हिरवळ म्हणून रंगवलेला भुसा टाकायचा. मी भुसा आणलाही होता. पण त्या वर्षी नगरहून कोणत्याही रस्त्यानं बाहेर पडलं की डोळ्यांना हिरवं असं दिसत नव्हतं. कोल्हारला प्रवरेकाठी ऊस उभा आहे म्हणत, आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरात भात आहे म्हणत. आम्ही ते ऐकत होतो. अशा साली लोकांना हिरवा भुसा दाखवायला माझा हात धजेना. मी आप्पांना सांगितलं, बाग खरी करू. आमच्याकडे नवरात्रात घटाखाली धान्य रुजवतात, तशीच गोणपाटावर माती पसरून रुजवू. दोन आठवड्यांत हातभर नाही तरी वीतभर हिरवं येईल.

आप्पांना ते इतकं पसंत पडलं की त्यांनी त्यात स्वतःची भर घातली. “घरटी एक मूठ धान्य मागायचं. सगळ्या गल्लीची बाग.” त्या महागाईत आणि टंचाईत गल्लीनं मुठी भरून दिल्या, हे मी विसरणार नाही. एकीनं तर रेशनवर मिळणारं परदेशी धान्य, लाल मिलोच, आणून दिलं. पण नगरकराच्या घरातून मूठ निघते ती बहुतेक ज्वारीचीच. खालच्या तिन्ही पायऱ्या ज्वारीनं भरल्या. वरच्या पायऱ्यांसाठी आप्पांनी गहू दिला.

चाचा खुर्चीतून म्हणाले, “कागज का वजन नहीं रहता. ओल्या मातीचं रहता. खांब जाड घे.” मी जाडजूड बांबू निवडून प्रत्येक पायरीखाली उभे केले. समोरचा मधला बांबू सगळ्यात जाड होता, तिसऱ्या पायरीचा सगळा भार त्याच्यावर.

पेरणी झाली, आणि दुसऱ्याच दिवशी भांडण झालं. मी झारीनं पाणी शिंपडत होतो. रांगेतून एक बाई पुढे आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“व्हय हो पेंटर, हितं लेकरांना घोटभर पानी न्हाई, आन् तुमी गोनपाटाला पाजताय?”

ती सोनाबाई. पाथर्डीकडची. नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, ती गाय घेऊन नगरला भावाकडे आलेली. भाऊ नागापूरच्या एका कारखान्यात हेल्पर, आमच्याच गल्लीत एका खोलीत राहायचा. मी खाली बघितलं तर नळाखालच्या फरशीवर घागरींतून सांडलेलं पाणी गटारीकडे चाललं होतं.

“बाई, नळाचं पाणी तुमचं,” मी म्हटलं. “फरशीवर सांडतं तेवढं मला द्या. प्यायच्या पाण्याला मी हात लावणार नाही.”

“आन् त्ये न्हाई पुरलं तर?”

“तर बाग वाळेल.”

तिनं माझ्याकडे आणि मग गोणपाटाकडे पाहिलं. “बरं. आमी बगतो,” म्हणाली. मी फरशीच्या उताराला पत्र्याची पन्हाळ लावली, खाली अर्धं पिंप ठेवलं. सोनाबाई रोज येता-जाता पिंपात डोकावून जायची, नळाला मी नळी तर लावली नाही ना हे बघायला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र ती एक पातेलं घेऊन आली. “घ्या. डाळीचं धुवन हाय. गाय पिऊन उरलंय.” तिचं बघून दुसरीनं तांदळाचं धुवण आणलं, तिसरीनं भाजीचं. बॅबिलोनच्या राजानं आपल्या बागांना पाणी कसं चढवलं त्याबद्दल विद्वानांत वाद आहेत असं नंतर कुठेतरी ऐकलं. आमच्या बागांना ते नगरच्या बायकांनी पातेल्यांतून चढवलं.

बाग आली. खरोखर आली! गणपती बसले त्या दिवशी खालच्या पायऱ्यांवर ज्वारीचे कोंब वाऱ्यानं लवत होते, वर गव्हाचं दाट पोपटी गवत. लोक यायचे, देवाला हात जोडायचे आणि मग हळूच हात पुढे करून पानं चाचपायचे. “खरं हाय गं,” एक म्हातारी दुसरीला सांगत होती. दहा वर्षांच्या माझ्या कामात इतकं सुख मला झालं नव्हतं. चाचा खुर्ची पुढे ओढून कोंबांजवळ बसायला लागले.

सोनाबाईची गाय तांबू, अंगानं हाडंच उरलेली, पण गाभण. भाजीबाजारात संध्याकाळी पडलेला पाला गोळा करून सोनाबाई तिला जगवत होती. “बैल इकले, म्हस इकली,” ती सांगायची. “ही न्हाई इकायची. पाऊस पडला की हिला घेऊनच घरी जायाचं.” आरास हिरवी झाल्यापासून तिनं तांबूला एकाऐवजी दोन दावी बांधायला सुरुवात केली होती. माझ्या बागेची बाई किती काळजी घेते, असं वाटून मी मनातून सुखावलो होतो.

पाचव्या दिवशी दुपारनंतर स्पर्धेचे पंच यायचे होते. सकाळी मी समोरच्या हॉटेलात चहा घेत होतो, नळाला नुकतंच पाणी येऊन गेलं होतं, रांग मोडत होती. एकाएकी ओरडा झाला. बाहेर येऊन बघतो तर तांबूचे पुढचे दोन पाय बॅबिलोनच्या पहिल्या पायरीवर, आणि तिसऱ्या पायरीपर्यंत मान लांबवून ती खात होती. दोन्ही दावी तोडून आली होती. पहिली पायरी साफ, दुसरी जवळजवळ संपलेली. आप्पा दुकानातून पंपच उचलून धावले.

तेवढ्यात सोनाबाई धावत आली. तिनं गायीच्या गळ्यातलं तुटकं दावं धरून तिला खाली ओढलं. मला वाटलं आता ही हातापाया पडेल. ती मला भलतंच विचारायला लागली.

“खालची पायरी खाल्ली का वरची? पेंटर, सांगा की! खालची का वरची?”

“दिसत नाही का? खालची.”

तिनं कपाळावर हात मारला. “मेली! माजी गाय मेली!”

मग तिनं रडत रडत जे सांगितलं ते गावाकडच्या कोणालाही ठाऊक असतं. ज्वारीचे कोवळे कोंब जनावरानं खाल्ले की त्याला विष बाधतं. किरळ लागणं म्हणतात त्याला. पाण्याचा ताण पडलेली ज्वारी असली तर आणखीच वाईट. वरचा गहू खाल्ला असता तर काही झालं नसतं. आम्ही पेठेतली माणसं, आम्हाला ज्वारी माहीत होती ती पोत्यातली आणि भाकरीतली. घटाचे कोंब आम्ही दसऱ्याला टोपीत खोवतो, गायीला घालत नाही. त्या दोन दाव्यांचा अर्थ मला तेव्हा कळला. बाई माझ्या बागेला गायीपासून जपत नव्हती, गायीला माझ्या बागेपासून जपत होती.

तांबूचे पाय लटपटायला लागले. तोंडाला फेस आला, धापा टाकायला लागली आणि तिथेच, बाप्पाच्या समोर, खाली बसली. आप्पांच्या हातातला पंप गळून पडला. एक जण सायकलवरून जनावरांच्या दवाखान्याकडे सुटला. डॉक्टर खेड्यांवर गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते.

“गूळ आना,” सोनाबाई म्हणाली. आता ती रडत नव्हती. “गुळाचं पानी पाजायचं. लई पानी लागंल.”

गूळ होता. गणपतीचे दिवस, घरोघर मोदकांसाठी आणलेला. मंडळाच्या प्रसादाचीही ढेप होती, आप्पांनी ती स्वतः आणून बत्त्यानं फोडायला घेतली. पण पाणी? नळ गेला होता, परवापर्यंत येणार नव्हता. पाणी होतं ते रांगेतल्या बायकांच्या घागरींत, दोन दिवसांचं. सोनाबाईनं स्वतःची कळशी बादलीत ओतली. ते पाणी बादलीच्या तळालाच राहिलं. मग तिनं वर बघितलं, पण मागितलं नाही.

बायकांचे हात आपापल्या घागरींवर गेले, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. घरी लेकरं होती. मग आमच्या शेजारची एक म्हातारी, जिला स्वतःला घागर उचलत नसे, डालड्याच्या डब्यात पाणी नेई, ती पुढे आली आणि तिनं तो डबा बादलीत उपडा केला. “गाभन हाय ती,” एवढंच म्हणाली. मग माझ्या बायकोनं घागर ओतली. मग एकामागून एक. मी आयुष्यात पुष्कळ दाते पाहिले, मंडळांच्या फळ्यांवर त्यांची नावं माझ्याच हातानं लिहिली. पण त्या सकाळची नावं कुठल्या फळ्यावर लिहिली गेली नाहीत, म्हणून ही आठवण इथे लिहितो आहे. त्या बायकांचा मी आजन्म ऋणी आहे.

आता पाजायचं कशानं? गाय आपण होऊन पिईना. असं जनावराला औषध पाजायला बांबूची पोकळ कांडी लागते, एका टोकाला गाठ, दुसरं टोक तिरपं कापलेलं. माझ्याकडचे सुटे बांबू सगळे बारीक. चाचा खुर्चीतून उठून आले, हातानं चाचपत आराशीपाशी गेले आणि समोरच्या मधल्या बांबूवर त्यांनी हात ठेवला.

“ये काट. जाड हाय, गाठ बराबर हाय.”

“चाचा, हा काढला तर तिसरी पायरी खाली बसेल. दुपारी पंच येणार आहेत.”

“बैठने दे,” चाचा म्हणाले.

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा गूळ फोडत होते, त्यांनी मान वर केली नाही. मी करवत घेतली. बांबू सुटला तशी तिसरी पायरी कण्हल्यासारखा आवाज करत दुसरीवर बसली, माती घसरली, चंदेरी धबधबा वाकडा झाला आणि तसाच फिरत राहिला. मी कांडी कापली, टोक तिरपं केलं, तोंडाला लागू नये म्हणून कडा घासून गुळगुळीत केली. ती कडा घासताना माझा हात नेहमीसारखा स्थिर होता, याचं मला अजून बरं वाटतं. आप्पांनी गायीची मान धरली, सोनाबाई कांडीनं पाजत राहिली, मी बादलीतून कांडी भरून देत राहिलो. घागरी येत राहिल्या.

पंच आले तेव्हा बॅबिलोनपुढे गाय आडवी होती, तिच्याभोवती रिकाम्या घागरी आणि चिखल, आणि मंडळाचे अध्यक्ष गुळानं माखलेले. एका पंचानं वही काढत विचारलं, “देखावा कोणता?”

आप्पा उठले, हात धोतराला पुसले आणि गंभीरपणे म्हणाले, “बॅबिलोनच्या झुलत्या बागा, साहेब. सध्या आमची गाय आजारी आहे.”

पंचांनी वही मिटली आणि ते पुढच्या मंडळाकडे गेले. नंबर अर्थातच आला नाही. खोटं कशाला बोलू, त्यांच्यामागे धावत जाऊन सगळं सांगावं असं मला वाटलं होतं. पहिलं काम, आणि त्याच्या खांबावर मीच करवत चालवलेली.

संध्याकाळच्या आरतीच्या वेळी टाळांचा आवाज सुरू झाला आणि तांबूनं कान हलवले. आरती संपायच्या आत ती पुढच्या पायांवर उठली, मग मागच्या. कोणीतरी “मंगलमूर्ती मोरया” ओरडलं, ते देवासाठी होतं की गायीसाठी ते सांगता येणार नाही. सोनाबाई तिच्या गळ्यात पडून आता मोकळेपणी रडली. मी चाचांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो होतो. ते म्हणाले, “कागजाची पत्ती असती तर गाय आली असती का रे? तिनं तुझी परीक्षा घेतली. पास हाय तू.”

उरलेले दिवस आरास तशीच मोडकी राहिली. ज्वारी तेवढी आम्ही उपटून खोल पुरून टाकली. आणि लोकांची रीघ लागली! गाईनं खाल्लेली बाग बघायला माळीवाड्यापासून केडगावपर्यंतची माणसं आली. पुढच्या वर्षी तीन मंडळांची बोलावणी आली, आणि कोणालाही माझं नाव माहीत नव्हतं. ‘ज्याची बाग गाईनं खाल्ली तो पेंटर’ एवढाच पत्ता. त्या पत्त्यावर मी पुढे संसार केला. आता थर्माकोल आला, साच्यातले तयार खांब आले, आश्चर्यं टेम्पोतून येतात आणि टेम्पोतून जातात. त्यांच्यात वाईट काही नाही. फक्त ती बघून कुठल्याही जनावराची मान लांबत नाही, याची थोडी रुखरुख लागते.

अनंत चतुर्दशीला गणपती मिरवणुकीनं गेले आणि गल्ली एकदम रिकामी झाली. मी विळा घेऊन वरच्या पायऱ्यांवरचा गहू कापायला लागलो. तो तांबूचा, हे न बोलताच ठरलं होतं. सोनाबाईनं पदर पसरला, मी मुठी टाकत गेलो. तिनं थोडा थोडा गायीपुढे टाकला, प्रत्येक वेळी त्यात ज्वारीचा कोंब नाही ना हे हातानं चाचपून. मग ती घरात गेली आणि तांब्या घेऊन आली.

“घ्या, पेंटर. प्या.”

नळ कालही आला नव्हता. त्या खोलीत किती पाणी असेल त्याचा मला अंदाज होता. मी म्हटलं, “राहू द्या, बाई. तुम्हालाच लागेल.”

“प्या म्हनते ना,” ती म्हणाली. “धुवन न्हाई त्ये. प्यायचं हाय.”

मी दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि तोंडाला लावून प्यायलो. एक थेंबही फरशीवर सांडू दिला नाही.